हाकेच्या अंतराबाहेर

घोडबंदर रोडच्या एखाद्या टॉवरमध्ये किंवा खारघर-नेरुळच्या सोसायटीत असं एक घड्याळ हमखास सापडतं. जर्मनीत नोकरी करणाऱ्या मुलीनं सुट्टीत येताना आणलेलं, किंवा जपानहून परतताना कुणी हौसेनं घेतलेलं. खोक्यावर छापलेलं असतं की हे घड्याळ लावावं लागत नाही, ते स्वतःच अणुघड्याळाशी जुळवून घेतं. सेल घातला की काटे गरागरा फिरत बाराच्या आकड्यावर येतात आणि तिथंच उभे राहतात. आकडे दाखवणारं घड्याळ असेल तर पडद्याच्या कोपऱ्यात मनोऱ्याचं इवलंसं चित्र लुकलुकू लागतं. दहा मिनिटं जातात, पंधरा जातात. मग घरातलं कुणीतरी ते उचलून खिडकीत ठेवतं, तिथून गॅलरीत, तिथून गच्चीवर. रात्रभर गच्चीत ठेवूनही सकाळी पाहावं तर मनोरा लुकलुकतोच आहे. ‘प्रवासात बिघडलं वाटतं’ म्हणत घड्याळाची रवानगी माळ्यावर होते.

ते बिघडलेलं नसतं. ते ज्या हाकेची, म्हणजे रेडिओ लहरींवरून येणाऱ्या वेळेच्या निरोपाची, वाट पाहत उभं असतं, ती हाक ठाण्यापर्यंत पोहोचत नाही. एवढं कळलं की जागा बदलत बसण्याचा खटाटोप संपतो आणि खरा प्रश्न समोर येतो: त्याला घरातल्या घरात हाक कशी द्यायची? ती देता येते, फारसा खर्च न करता. पण आधी हे घड्याळ ऐकतं कसं, ते नीट पाहायला हवं.

‘अ‍ॅटॉमिक क्लॉक’ या नावामुळे उगाच गैरसमज होतो. अणुघड्याळ दूर कुठल्यातरी प्रयोगशाळेत असतं. भिंतीवरच्या घड्याळात असतं नेहमीचंच क्वार्ट्झ यंत्र आणि त्याच्या शेजारी एक चिमुकला रेडिओ. जुन्या ट्रान्झिस्टरचं मागचं झाकण काढलं की फेराइटची काळी कांडी आणि तिच्यावर गुंडाळलेली तांब्याची तार दिसायची. तशीच कांडी इथेही असते, पाच ते दहा सेंटिमीटर लांब, बहुधा यंत्राच्या डबीच्या वरच्या किंवा खालच्या कडेला आडवी बसवलेली. तार आणि तिला जोडलेला कपॅसिटर मिळून एकच फ्रिक्वेन्सी पकडतात. उदाहरणार्थ, साधारण १.९ मिलिहेन्रीची गुंडाळी आणि २.२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर घेतला की जोडी ७७.५ किलोहर्ट्झच्या आसपास लागते. त्यापुढे क्रिस्टलची चाळणी असते आणि तिची पट्टी फारच अरुंद, काही हर्ट्झ एवढीच. म्हणूनच जर्मन घड्याळाचा कपॅसिटर बदलून त्याला जपानी करता येत नाही. चाळणीही बदलावी लागते, आणि वाचण्याची लिपीही.

कारण प्रत्येक देशाची लिपी वेगळी आहे. फ्रँकफुर्टजवळच्या माइनफ्लिंगेनमधून डीसीएफ-७७ हे केंद्र ७७.५ किलोहर्ट्झवर बोलतं. प्रत्येक सेकंदाच्या सुरुवातीला त्याचा आवाज, म्हणजे लहरींचा जोर, क्षणभर खाली येतो. ०.१ सेकंद खाली राहिला तर शून्य, ०.२ सेकंद राहिला तर एक. ५९व्या सेकंदाला तो खाली येतच नाही आणि त्या शांततेवरून घड्याळाला समजतं की आता नवा मिनिट सुरू होणार. जपानची जेजेवाय ही दोन केंद्रं आहेत, फुकुशिमातलं ४० किलोहर्ट्झवर आणि क्यूशूतलं ६० किलोहर्ट्झवर. तिथं ०.८ सेकंद आवाज म्हणजे शून्य, ०.५ म्हणजे एक आणि ०.२ म्हणजे खूण. ब्रिटनचं एमएसएफ आणि अमेरिकेचं डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी हेही ६० किलोहर्ट्झवरच आहेत, पण लिप्या निराळ्या. चीनचं बीपीसी ६८.५ किलोहर्ट्झवर आहे. ते पूर्ण मिनिटाऐवजी वीस-वीस सेकंदांत वेळ सांगून मोकळं होतं.

आता अंतरं पाहू. माइनफ्लिंगेनची हाक सुमारे २,००० किलोमीटरपर्यंत भरवशाची धरतात. ठाणे तिथून साडेसहा हजार किलोमीटरवर आहे. जपानची जवळची केंद्रजागा धरली तरी अंतर सहा हजारांच्या आतबाहेर. सगळ्यात जवळचं बीपीसी, हनान प्रांतातल्या शांगच्यूचं. त्याचा पल्ला रात्री ३,००० किलोमीटर सांगतात आणि ठाणे आहे साधारण ४,५०० किलोमीटरवर. येऊरच्या टेकडीवर जाऊन, फेराइटची कांडी बरोबर दिशेनं धरून बसलं तरी मधले दीड हजार किलोमीटर काही कमी होत नाहीत. त्यातही बीपीसी रोज चिनी वेळेनुसार पहाटे पाच ते आठ बंद असतं, म्हणजे आपल्याकडे रात्री अडीच ते साडेपाच. घड्याळं हाक शोधतात ती नेमकी मध्यरात्रीनंतर, कारण दिवसा आयनांबरातला, म्हणजे उंचावरच्या विद्युतभारित हवेतला, खालचा थर या लहरी शोषून घेतो आणि रात्री तो विरळ होतो. म्हणजे रात्रीच्या सर्वांत चांगल्या वेळेतले तीन तास इथूनही गेले.

भारतात अशा लांब लहरींवर वेळ सांगणारं एकही केंद्र नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचं एटीए नावाचं केंद्र पूर्वी शॉर्टवेव्हवर वेळ द्यायचं, ते आता बंद आहे. चालू असतं तरी या घड्याळांना ते कळलं नसतं. ती शॉर्टवेव्ह ऐकतच नाहीत. भारतीय प्रमाणवेळ मात्र आजही त्याच प्रयोगशाळेतल्या सीझियम घड्याळांवरून ठरते आणि ती इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली आहे. आपल्याला पुढे लागणार आहे ती हीच.

एक धोका आधी सांगायला हवा. हाक पोहोचत नाही म्हणून घड्याळ गप्पच बसेल असं नाही. घरातल्या विजेच्या खरखरीतून त्याला कधीकधी काहीतरी ‘ऐकू’ येतं. डीसीएफच्या लिपीत चूक ओळखण्यासाठी तीनच पॅरिटी बिट, म्हणजे एकांची संख्या सम व्हावी म्हणून जोडलेले शून्य किंवा एक, असतात: मिनिटाला एक, तासाला एक, तारखेला एक. खरखरीत तीन बिट योगायोगानं जुळणं काही अशक्य नाही. चांगली घड्याळं लागोपाठ दोन-तीन मिनिटांचे निरोप एकमेकांशी ताडून पाहतात आणि मगच विश्वास ठेवतात. स्वस्त घड्याळं एकावरच भुलतात, आणि मग सकाळी घड्याळात भलतंच साल, भलताच वार दिसतो. असं घडत असेल तर त्या घड्याळाचा रेडिओ बंद करून ठेवणं केव्हाही बरं. आकड्यांच्या घड्याळात सेटिंगमध्ये ‘आरसीसी’ (रेडिओ कंट्रोल्ड क्लॉक) किंवा मनोऱ्याच्या चित्रासमोर ‘ऑफ’ करता येतं. काट्यांच्या घड्याळात मागे बहुधा तीन बटणं असतात: रिसेट, आरईसी किंवा वेव्ह, आणि एम-सेट. एम-सेट तीनेक सेकंद दाबून धरलं की घड्याळ हाक शोधायचं सोडतं आणि काटे हातानं लावू देतं. पुढे ते बटण एकदा टिचकावलं की मिनिटकाटा एक घर सरकतो, दाबून धरलं की भरभर धावतो. काटे नुसते बोटांनी फिरवू नयेत. आतल्या यंत्राला काटे कुठे आहेत याचा हिशेब ठेवावा लागतो, आणि बोटानं ढकलले की तो हिशेब कायमचा चुकतो. मग रिसेट करून काटे बारावर जातात की नाही ते तपासावं. ते बारावर न थांबता साडेबाराच्या आसपास थांबत असतील तर दोष हाकेत नसून काट्यांच्या बैठकीत आहे.

इतकं करून घड्याळ हातानं लावलं आणि वापरलं तरी त्यात काही वाईट नाही. ते नेहमीच्या क्वार्ट्झ घड्याळासारखं चालेल, महिन्याला पंधरा-वीस सेकंद इकडे-तिकडे. आपल्या हवेत ते मागे पडण्याकडेच झुकतं. क्वार्ट्झचा ३२,७६८ हर्ट्झचा तुकडा २५ अंश तापमानाला सर्वांत जलद कंप पावतो आणि त्याहून गरम वा थंड झाला की मंदावतो. फरक जितका वाढतो, त्याच्या वर्गाच्या पटीत हे मंदावणं वाढतं. एप्रिल-मे महिन्यात पश्चिमेकडच्या भिंतीवर ३५ अंश असतील तर दिवसाला सुमारे ०.३ सेकंद जातात, महिन्याला नऊ. ही गणती करून पाहिली की घड्याळाची जागा निवडताना उन्हाची भिंत टाळावीशी वाटते. पूर्वी बातम्यांच्या आधी आकाशवाणीवर येणाऱ्या बीपवर घरोघरी घड्याळं लावली जात. आजही मीडियमवेव्हच्या रेडिओवर ते करता येतं. मोबाइल अ‍ॅपवर किंवा डिशवर तीच आकाशवाणी ऐकून मात्र लावू नये, तिथं आवाज काही सेकंद उशिरा येतो.

पण ज्या घड्याळाला स्वतः जुळवून घेण्यासाठी घडवलंय त्याला हातानं लावत राहायचं, हे मनाला पटत नाही. म्हणून घरगुती हाक.

सर्वांत सोपा मार्ग मोबाइलचा. जेजेवाय, डीसीएफ वगैरेंची नक्कल करणारी अ‍ॅप मिळतात. मोबाइलचा आवाज ४० किलोहर्ट्झपर्यंत जात नाही, मग हे कसं चालतं? अ‍ॅप १३.३३३ किलोहर्ट्झचा सूर वाजवतं. पूर्ण आवाजात तो सूर थोडा फाटतो आणि फाटताना त्याच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीचा अंश तयार होतो: बरोबर ४० किलोहर्ट्झ. डीसीएफसाठी १५.५ किलोहर्ट्झचा सूर लागतो आणि त्याची पाचपट ७७.५ होते. पाचवा अंश तिसऱ्यापेक्षा क्षीण असल्यामुळे मोबाइलवरून जपानी घड्याळं चटकन लागतात आणि जर्मन घड्याळं नखरे करतात. घड्याळ या सुराचा आवाज ऐकत नाही. स्पीकरच्या गुंडाळीतून वा हेडफोनच्या तारेतून जाणाऱ्या विजेचं चुंबकीय क्षेत्र त्याला जाणवतं. म्हणून ब्लूटूथचे इअरफोन इथे उपयोगाचे नाहीत, तारेचे हवेत. त्यांची तार फेराइटच्या कांडीजवळ तीन-चार वेढे देऊन ठेवायची, आवाज पूर्ण, इक्वलायझर आणि डॉल्बीसारखे सगळे सुधारक बंद. इअरफोन त्या वेळी कुणाच्याही कानात नसावेत. मोबाइलच्या स्पीकरवरच वाजवलं तर मोठ्यांना तो बारीक सूर वयानुसार कमी-अधिक ऐकू येतो, पण लहान मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना तो टोचतो. खोलीचं दार लावून घ्यावं.

मनगटी घड्याळांत कॅसिओची मल्टी-बँड घड्याळं आपल्याकडे बरीच दिसतात. त्यांचा अँटेना बहुधा बाराच्या आकड्याच्या बाजूला असतो, तीच बाजू मोबाइलच्या स्पीकरला टेकवावी. होम सिटी दिल्ली असताना बरीच मॉडेलं हाक शोधायचा प्रयत्नसुद्धा करत नाहीत, आणि लोक तिथंच अडकतात. आधी होम सिटी टोकियो करावी, अ‍ॅपवरून जपानचीच खरी वेळ द्यावी, घड्याळानं ती घेतली की होम सिटी पुन्हा दिल्ली करावी. घड्याळ आतून जागतिक वेळ धरून असतं, त्यामुळे शहर बदललं की साडेतीन तासांचा फरक ते स्वतः लावतं आणि सेकंद मात्र आत्ताच जुळवलेलेच राहतात.

भिंतीवरच्या घड्याळाला रोज रात्री मोबाइल लावत बसणं जमणारं नाही. त्याच्यासाठी छोटं यंत्र करून ठेवावं. वाय-फायवाला ईएसपी-३२ बोर्ड, म्हणजे प्रोग्राम भरता येणारा चिमुकला संगणक, लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळतो. त्याच्या एका पिनेपासून ३३० ओहमचा रेझिस्टर, तिथून बारीक एनॅमल तारेचे वीसेक वेढे, साधारण १५ सेंटिमीटर व्यासाचे, आणि तारेचं दुसरं टोक बोर्डाच्या ग्राउंडला. ३.३ व्होल्टला ३३० ओहम म्हणजे दहा मिलिअँपिअर, बोर्डाला सहज पेलणारे. एवढ्या वेढ्यांचा स्वतःचा अडथळा ४० किलोहर्ट्झला तीसेक ओहमच भरतो, म्हणून प्रवाह ठरवण्याचं काम रेझिस्टरच करतो आणि जोडणी बिनघोर राहते. मोठी अँटेना लावायचा, ताकद वाढवायचा मोह आवरावा. आपल्याकडे परवान्याशिवाय रेडिओ प्रसारण करता येत नाही, आणि या कामाला त्याची गरजही नाही. वीतभर अंतरावरच्या कांडीला जाणवेल एवढंच क्षेत्र पुरतं. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांच्या घड्याळापर्यंत ते पोहोचलं तर आपण जास्त केलं, असं समजावं.

बोर्ड वेळ इंटरनेटवरून घेतो, एनटीपी पद्धतीनं. त्यासाठी राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचाच पत्ता द्यावा: टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी. घरच्या ब्रॉडबँडवर काही मिलिसेकंदांपासून काही दशक मिलिसेकंदांपर्यंत चूक राहते, भिंतीवरच्या काट्यांना ती दिसायची नाही. इथे एक खाच आहे. बोर्डाला भारताची वेळपट्टी सांगताना ‘आयएसटी उणे ५:३०’ असं लिहावं लागतं. त्या जुन्या पद्धतीत ग्रीनिचच्या पूर्वेचे देश उणे चिन्हानं दाखवतात. अधिक लिहिलं तर घड्याळ बरोबर अकरा तास मागे लागतं आणि माणूस दिवसभर तारा तपासत बसतो.

फ्रिक्वेन्सीची खाच याहून बारीक. बोर्डाची मूळ गती ८० मेगाहर्ट्झ. तिला ४० किलोहर्ट्झनं भागलं की बरोबर २,००० येतात, म्हणून जेजेवायची हाक अचूक निघते. ७७.५ किलोहर्ट्झनं भागलं तर १,०३२.२५ आणि वर थोडं. प्रोग्रामनं अपूर्णांक सोडून दिला तर निघणारी फ्रिक्वेन्सी ७७,५१९ हर्ट्झ होते, हवी त्यापेक्षा १९ हर्ट्झ जास्त, आणि क्रिस्टलची अरुंद चाळणी तिला दारातूनच परत पाठवते. सगळं बरोबर जोडलेलं असूनही जर्मन घड्याळ लागत नसेल तर सर्वांत आधी हेच पाहावं. अपूर्णांक विभाजक वापरला की अडचण सुटते.

आवाज खाली आणणं बोर्डाला सोपं आहे. मूळ केंद्र आवाज पंधरा टक्क्यांवर आणतं, आपण तेवढ्या वेळापुरती पिन बंदच केली तरी घड्याळाची तक्रार नसते. डीसीएफचा निरोप असा मांडावा: १५व्या सेकंदापर्यंत सगळे शून्य, १६ शून्य, १७ शून्य आणि १८ला एक, म्हणजे उन्हाळी वेळ नाही. २०व्याला नेहमी एक, इथून वेळ सुरू. २१ ते २७ मिनिट, २८ त्याची पॅरिटी, २९ ते ३४ तास, ३५ पॅरिटी, ३६ ते ४१ दिनांक, ४२ ते ४४ वार, सोमवार एक धरून, ४५ ते ४९ महिना, ५० ते ५७ सालाचे शेवटचे दोन आकडे, ५८ तारखेची पॅरिटी, ५९ला शांतता. डीसीएफ येणाऱ्या मिनिटाची वेळ सांगतं, तर जेजेवाय चालू मिनिटाची. दोन्हींत गल्लत झाली की घड्याळ सुरेख लागतं, मनोरा स्थिर होतो, सेकंदही जुळतात, आणि तरी ते बरोबर एक मिनिट मागे किंवा पुढे असतं. एका मिनिटाची नेमकी चूक दिसली की कारण दुसरं शोधू नये. एका तासाची नेमकी चूक दिसली तर १७-१८ बिट किंवा घड्याळाच्या मागची वेळपट्टी तपासावी.

वेळपट्टीचा विषय निघालाच आहे तर अर्ध्या तासाचं बोलायला हवं. उद्या एखाद्या चमत्कारानं माइनफ्लिंगेनची हाक ठाण्यात ऐकू आली, तरी बरीचशी जर्मन घड्याळं भारताची वेळ दाखवू शकणार नाहीत. त्यांना एक-एक तासानं पट्टी बदलता येते. आपला फरक हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन. हा अर्धा तास आपल्या नकाशातूनच आलाय. प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, आणि ठाणे ७३ अंशांच्या किंचित अलीकडे. सूर्य ठाण्याच्या डोक्यावर सरासरी बारा वाजून अडतीस मिनिटांनी येतो. हा फरक मुंबईनं सहजासहजी गिळला नव्हता. १९०६मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईची स्वतःची वेळ, प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागची, १९५५पर्यंत कुठे ना कुठे पाळली जात होती. एकाच शहरात दोन वेळा, आणि माणसं दोन्ही सांभाळत होती. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, तेव्हापासून या गावाला मिनिटांचा हिशेब लागला. मिनिटं कुणाची, हे ठरायला शंभर वर्षं गेली.

आपल्या घरगुती हाकेत हा तिढा चुटकीसरशी सुटतो. बोर्ड भारतीय वेळच पाठवतो, पण ती जपानी वा जर्मन लिपीत. घड्याळ समजतं आपण टोकियोत आहोत, आणि दाखवतं ठाण्याची वेळ. जपानी घड्याळाला वेळपट्टी नसते आणि उन्हाळी वेळही नसते, म्हणून कुणी परदेशातून आणणार असेल तर जपानी घड्याळच मागवावं. अमेरिकन घड्याळ सर्वांत अडचणीचं. तिथलं केंद्र जागतिक वेळ पाठवतं आणि घड्याळ त्यातून तास वजा करतं. पॅसिफिकची पट्टी निवडली असेल तर आपल्याला भारतीय वेळेत आठ तास मिळवून पाठवावे लागतात, उन्हाळी वेळेचे बिट शून्य ठेवून, आणि संध्याकाळी चारनंतर पाठवायची तारीखही दुसऱ्या दिवसाची. दिनांक न बदलता नुसते तास मिळवले की घड्याळ चारनंतर कालचा दिवस दाखवू लागतं.

आता इतक्या जवळून हाक दिली तरी ती घड्याळाला ऐकू येईलच असं नाही, आणि घरातल्या गोंगाटाचा विषय इथे खरा महत्त्वाचा होतो. मोबाइलचे चार्जर, एलईडी बल्बांचे ड्रायव्हर, टीव्ही, इन्व्हर्टर, बीएलडीसी पंखे: हे सगळे वीज दर सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून चालतात, आणि बऱ्याचदा त्याच पट्ट्यात जिथे घड्याळ कान देऊन असतं. इंडक्शन शेगडी वीस ते चाळीस किलोहर्ट्झच्या घरात चालते, म्हणजे जेजेवायच्या थेट शेजारी. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे टांगलेलं घड्याळ रात्रीच्या जेवणापर्यंत बहिरं असतं ते त्यामुळे. स्वतःच्या बोर्डालाही चार्जरवरून वीज देऊ नये. चाचणीपुरती पॉवर बँक वापरावी. तीत घड्याळ लागलं आणि चार्जरवर लागलं नाही तर दोषी सापडला.

गोंगाट शोधायला महागडं उपकरण लागत नाही. मीडियमवेव्हचा छोटा रेडिओ ५३० किलोहर्ट्झच्या टोकाला, स्टेशन नसलेल्या जागी लावावा आणि घरभर फिरावं. जिथं घरघर वाढेल तिथून घड्याळ दोन मीटर तरी दूर ठेवावं. एकेक प्लग काढत जावं. कोणता काढल्यावर रेडिओ शांत होतो ते लगेच कळतं. घरची लाइट जाते तेव्हा हा रेडिओ चालू करून पाहावा. पूर्ण इमारतीचा गोंगाट एका क्षणात ओसरतो आणि दूरची स्टेशनं वर येतात. त्या शांततेत आणि एरवीच्या घरघरीत केवढा फरक आहे हे एकदा ऐकलं की घड्याळाची अडचण शब्दांत सांगावी लागत नाही.

लोखंडाचंही पाहावं. आरसीसी खांबातल्या सळया, खिडकीची ग्रिल, अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या चौकटी, लोखंडी कपाट. कांडी यांच्या अगदी जवळ असली की तिच्या गुंडाळीचं मूल्यच बदलतं आणि ती आपल्या फ्रिक्वेन्सीवरून सरकते. घड्याळ खांबावर टांगलेलं असेल तर आधी लाकडी टेबलावर घेऊन लावून पाहावं. टेबलावर लागतं आणि भिंतीवर लागत नाही, तर भिंत बदलावी, निदान हातभर बाजूला. वेढ्यांची दिशाही बघावी: तारेच्या वर्तुळाच्या मधून जाणारी काल्पनिक काठी आणि घड्याळातली कांडी एका रेषेत असली की हाक सर्वांत मोठी, काटकोनात असली की जवळजवळ शून्य. घड्याळ जागेवर ठेवून वेढेच हळूहळू फिरवावेत, दर खेपेला दहा मिनिटं द्यावीत. घाई करून पाच सेकंदांनी हलवलं तर घड्याळाला एक पूर्ण निरोपही मिळत नाही, आणि त्याला निदान दोन-तीन हवे असतात. सेलही ताजा अल्कलाइन असावा. चार्ज होणाऱ्या सेलचे १.२ व्होल्ट काटे फिरवायला पुरतात, पण रेडिओ त्यावर अशक्त होतो.

ज्यांना तारांच्या भानगडीत पडायचं नाही त्यांच्यासाठी वाय-फायवर वेळ घेणारी घड्याळं आहेत, आणि जीपीएसवरची मनगटी घड्याळंही, जी गॅलरीत उभं राहिलं की उपग्रहांवरून वेळ घेतात. ती आपल्याकडे कुठल्याही खटपटीशिवाय चालतात. नवं घ्यायचं असेल तर तेच घ्यावं. हा सगळा लेख घरात आधीच आलेल्या, कुणीतरी प्रेमानं आणलेल्या घड्याळासाठी आहे.

जोडणी एकदा बसली की बोर्ड रोज रात्री बारा ते पाच चालू ठेवावा, एरवी बंद. घड्याळ त्याच्या वेळापत्रकानुसार मध्यरात्रीनंतर कधीतरी कान देतं, एकदा हाक मिळाली की दुसऱ्या रात्रीपर्यंत क्वार्ट्झवर चालतं. जूनच्या विजांच्या रात्रीही ते लागतं, कारण वीतभर अंतरावरची हाक पारसिकच्या डोंगरावर कडाडणाऱ्या विजेच्या खरखरीपेक्षा मोठी असते. वर्ष-दीड वर्षांनी सेल बदलायची वेळ येईल. तेव्हा बोर्ड आधी चालू करावा, वाय-फाय जोडलं गेल्याची खात्री करून घ्यावी आणि मगच नवा सेल घालावा. काटे गरागरा फिरत बारावर जातील, उभे राहतील. पाच-सात मिनिटं त्यांना हात लावू नये. मग मिनिटकाटा हलेल आणि थेट आत्ताच्या वेळेपर्यंत चालत येईल.